सोनमाळा रोडचा नकाशा

रेल्वे पोलीस बारा वाजता येणार होते, आणि तक्रारीत नाव होतं सेवकरामचं.

स्टेशनवरच्या तीस वर्षांच्या नोकरीत या खलाशाने, म्हणजे रेल्वेच्या हरकाम्याने, ठपक्याचा एकही मेमो खाल्ला नव्हता. निवृत्तीनंतर चोर ठरायची पाळी आली, तेव्हा तो सकाळीच सायकल मारत भंडाऱ्याला रत्नमालाताईंकडे आला. ताईंचा धंदा लग्नाआधी नवऱ्यामुलाची चौकशी करण्याचा. चोर काय अन् जावई काय, त्यांच्या लेखी पारख एकच. वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला परसराम त्यांचा सारथी. मोटारसायकल त्याची, डोकं ताईंचं, असा करार.

सोनमाळा रोड स्टेशन इंग्रजांनी गावाच्या चौपट ऐटीचं बांधलेलं. काळ्या दगडाच्या कमानी, घड्याळाचा मनोरा, फलाटाच्या छताखाली बिडाचे आठ नक्षीदार खांब. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, गाड्या घटल्या; ऐट तशीच. उद्या वारसा समिती येणार होती. मूळ नकाशा दाखवला तर इमारत वाचणार, नाहीतर पाडणार. तो नकाशा, पत्र्याच्या नळीसकट, काल दुपारी मास्तरांच्या खोलीतल्या कपाटातून गेला होता.

"किल्ली कुठं राहते ते सेवकरामले माहीत," स्टेशनमास्तर श्यामराव म्हणाले. महिन्यापूर्वीच बदलून आलेले.

"खिळ्यावर टांगलेली हीच का?" ताई दारातूनच म्हणाल्या. "मलेही माहीत झाली."

श्यामराव खाकरले. "चोरी कळली तसं फाटक लावलं. मी, मदतीले आलेला सेवकराम, शाळेच्या मॅडम अन् ठेकेदार, चौघंच होतो. सगळ्यांची झडती घेतली. नळी हातभर लांब, लपवणार कुठं? खोल्या, छप्पर, कोळशाची कोठी, सगळं पाहिलं. उरले फक्त हे भरीव खांब. संध्याकाळी टँकर आला, छत धुतलं, मग सगळे घरी गेले."

"छतावर चढलं कोण?"

"शिडी दिवसभर लागलेली. सगळेच."

समितीकडे अर्ज करणाऱ्या कीर्ती मॅडम शाळेतून आल्या होत्या. "नकाशा मीच हुडकला, मी चोरू कायले? त्यातलं एकेक चित्र पाहिलं मी. पन्हळीचं पाणी या खांबांच्या पोटातून उतरते."

"दर उन्हाळ्यात बांबू घालून पाला मीच काढत होतो," सेवकराम पुटपुटला.

पाडकामाचा ठेका मिळालेला घनश्याम खांबावर टिचकी मारत हसला. "भरीव समजून भाव दिला, ताई. ठोकून पाहिलं तर पोकळ. भंगारात वजनच निघत नाही."

ताई फलाटावरून चालत गेल्या. सात खांबांच्या बुडाशी गाळ वाळला होता. फक्त सहाव्याच्या बुडातल्या भोकावर कोळ्याचं जाळं शाबूत होतं. उलट अंगावरून मळके ओघळ उतरलेले.

"एवढा एकच पुसायचा राहिला वाटते," परसराम म्हणाला.

"भाऊ, तुम्ही उत्तर बोलता अन् स्वतःच ऐकत नाही," ताई म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यांना बाकावर बसवलं.

"पाणी सात खांबांतून उतरलं, सहाव्याच्या बाहेरून सांडलं. म्हणजे त्याचा गळा बुजला आहे. नळी तिथं आहे. आता टाकली कोणी? मास्तरांना खांब भरीव वाटतात, ते गेले. सेवकराम अन् मॅडम जाणतात की खांब पाण्याची वाट आहे. पाणी अडलं की लगेच कळणार. तिथं ते काही लपवतील? उरला तो, ज्याला खांब पोकळ आहे हे माहीत, पण कशासाठी पोकळ हे नाही. पाडकामात खांब त्याच्याच ट्रकमध्ये जाणार होते. घनश्यामभाऊ, झडतीचा प्रश्नच नव्हता."

घनश्यामने खांबाकडे पाहिलं. "इतक्या देखण्या खांबाले पाइप कोण करते?" तो म्हणाला, आणि आपणच कबुली दिली हे त्याला उशिरा उमगलं.

सेवकरामने शिडी चढून बांबूला आकडा लावला आणि नळी ओढली. नकाशाची एक कड भिजली होती. कमानी शाबूत होत्या.

बाराला पाच कमी होते. श्यामरावांनी तक्रारीचा कागद काढला आणि फाडायला धरला.

"फाडू नका, साहेब," सेवकराम म्हणाला. "कालपासून सारं गाव माह्याकडे पाहून राहिलं. फाटका कागद कोणाले दाखवू? त्याच्याच खाली लिहा, चूक झाली म्हणून. अन् सही करा."

श्यामरावांनी खिशातून पेन काढलं.