एका हाकेला ओ

घिवलीच्या बाजूला, सुरूच्या बनाला लागून असलेल्या वृद्धाश्रमात प्रतीक्षा म्हाताऱ्यांच्या सेवेला होती. तिन्हीसांजेला ती पेज ढवळत होती आणि लाईट गेली. बाकीची मंडळी गावात सप्ताहाला गेलेली. मागे राहिले दोघंच. ओसरीवर गुडघे धरून बसलेले धर्माजी आणि आतल्या खोलीत रत्नाबाई. बाईंचं अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली.

"पोरी, पेज हाय का नाय? का अंधाराच्या नावावर उपाशी ठेवतेस?"

"होतेय, आजोबा. तोवर तुमी दात शोधून ठेवा."

म्हातारा खुदखुदला. मग वारा पडला. सुरूची सळसळ थांबली, सुकटीचा वास दाटून आला. आणि आतल्या खोलीतून हाक आली.

"प्रतीक्षा..."

बाईमाणसाचा आवाज. हळू. एकदाच.

"आजोबा... तुमी हाक ऐकलीत?"

"मी? नाय गो." धर्माजींचा आवाज उतरला. "ओ देऊ नको. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल... ते एकदाच मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं."

शहाण्यांनी हसावं, खुशाल हसावं! किनाऱ्यावरच्या पोरी हे आईच्या दुधाबरोबर शिकतात. प्रतीक्षा पळी धरून उभी राहिली. दुसरी हाक येईना. आणि त्या खोलीत तर बोलणारं कुणी नव्हतंच.

पण मघाशीच तिनं रत्नाबाईंना चिकू कुस्करून भरवला होता, पाठीला उशा लावून बसवलं होतं. उशी सरकली असेल तर? बाई उताणी पडली असेल तर? मुक्या बाईनं तीन हाका मारायच्या तरी कशा?

"ओ! आले!" प्रतीक्षा ओरडली आणि धावली.

"मेली ही पोर..." धर्माजी पुटपुटले.

मोबाईलच्या उजेडात दिसलं ते भलतंच. रत्नाबाई उताण्या, डोळे फिरलेले, घशात घरघर. प्रतीक्षानं त्यांना खस्सकन कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून अडकलेला चिकूचा गोळा ओढून काढला, पाठीवर थापट्या मारल्या. एक... दोन... आणि श्वास आला! खरखरीत, पण आला. बाईंच्या गालांवर रंग चढला.

प्रतीक्षा मटकन खाटेवर बसली. हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"काय हो आजी, मला पोलिसांत द्यायला निघाला होतात?"

बाईंचा वाकडा ओठ हलला. हसल्याच त्या.

"प्रतीक्षा..."

तोच आवाज. हळू. एकदाच. पण आता स्वयंपाकघरातून, जिथे ती मघाशी उभी होती तिथून.

सवयीनं तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात रत्नाबाईंचा धड हात वर आला आणि तिच्या तोंडावर घट्ट बसला. लाईट येईपर्यंत तो हलला नाही.