लाल ट्रकचा डिस्ट्रिब्युटर

हसायचं असेल तर आत्ताच उठ आणि चालता हो. मी आयुष्यभर ट्रक खोलले. गोष्टी रचायला मला वेळ नव्हता.

भर दुपारची वेळ. शेडमध्ये धाकट्या भावाचा हिरवा ट्रक सुरू होईना. डिस्ट्रिब्युटर गेला होता. म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटणारं डबडं. आत एक फिरकी असते. ती तोंड करील तिकडे ठिणगी. इतक्या जुन्या गाडीचा नवा कुठून आणणार? पण अगदी तसलंच इंजिन तिथंच मागे उभं होतं. बापाचा लाल ट्रक.

"त्याला हात लावू नकोस," मी म्हटलं.

"का? म्हातारा उठून मारणार आहे?"

"जिवंतपणी त्यानं तुला त्या ट्रकच्या पायरीवर चढू दिलं नाही. तोंड बघत नव्हता तुझं."

"मग आता बघू दे की."

बाप त्याच ट्रकमध्ये मेला. शेडचं दार बंद, इंजिन चालू, धूर कोंडलेला. दाराला ना कडी, ना कुलूप, तरी ते उघडायला आम्हा दोघांना पहार घालावी लागली. तेव्हापासून लाल ट्रकची बॅटरी काढलेली, टाकी कोरडी.

धाकटा हट्टी. शेवटी लालचा डिस्ट्रिब्युटर मी काढला, हिरव्यात बसवला. आणि हाताची सवय नडली. इंजिनाचं भोक उघडं ठेवायचं नाही, कचरा पडतो. म्हणून हिरव्याचा निकामी डिस्ट्रिब्युटर लालच्या भोकात खोचून दिला. अदलाबदल पुरी झाली.

धाकट्यानं किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन धडधडलं.

"बघ दादा, म्हातारा खूश आहे!"

तेवढ्यात शेडचं दार सरकत आलं आणि लागलं. बाहेर पान हलत नव्हतं.

"बंद कर," मी म्हटलं.

"केलं... दादा, किल्ली माझ्या हातात आहे."

इंजिन चालूच. मी ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलची वायर उपटली. चालूच. डिस्ट्रिब्युटर ओढला, जागचा हलेना. धूर घशात उतरत होता, त्या दिवशीचाच कडवट वास. धाकटा केबिनच्या दाराला लाथा घालत होता.

"दादा... उघड ना..."

मग नुसतं खोकणं. मग तेही मंदावलं.

तेव्हा मला मागून टिकटिक ऐकू आली. लाल ट्रकच्या बॉनेटखालून. इंजिन थंडगार, पण खोचलेल्या डबड्यातली फिरकी गरगर फिरत होती. मी ते दोन्ही हातांनी उपसलं. तळवे भाजले. हिरवा ट्रक गप्प झाला, केबिनचं आणि शेडचं दार आपसूक उघडलं, धाकट्याला ओढून बाहेर काढलं.

जगला तो.

लालचा डिस्ट्रिब्युटर नंतर सहज हाताला आला. तो बघ, त्या फळीवर, बिनझाकणाचा. कसाही ठेव, फिरकी धाकट्याकडे वळते. तो खाटेवर असला की खाटेकडे, नळावर गेला की नळाकडे. फेकून का देत नाही, विचारू नकोस. नजरेआड झाला तर तोंड कुणाकडे आहे ते कळणार कसं?

काल धाकटा बाहेरगावी गेला. सकाळी उठून बघतो, तर फिरकी माझ्या उशाकडे.

आत्ता? आत्ता कुठे आहे ते दिसत नाही. तू मधे बसलायस. सरक जरा.

...अजून सरक. बघू, ती तुझ्यामागोमाग वळते का.