वाकडी शिवण

या हो, असे पुढे सरकून बसा! मनात देवाचं नाव असू द्या आणि कान इकडे द्या... आज एका आत्याची गोष्ट सांगायची आहे, जिचे डोळे रडायचंच विसरले होते.

त्या दुपारी वहिनीनं शिलाई मशीनचा खण उपसला आणि खाकी कागदांची गुंडाळी आत्याच्या पायाशी आपटली. सहा कागद, भाची चिमीच्या सहा वाढदिवसांचे! प्रत्येकावर तिच्या पाठीवरच्या जन्मखुणेची रेघ आखलेली. आणि खूण म्हणजे काय तिळाएवढी होती? मानेखालून कमरेपर्यंत पसरलेली, काळी, जाड, केसाळ...

"ताई, माझ्या लेकीच्या दुर्दैवाचे नकाशे काढता? कुणाला दाखवायला?"

"अगं, ऐक तरी... या खेपेला डागावरचे केस..."

"एक अक्षर बोलू नका! साधी शिवण सरळ येत नाही तुमची, आणि म्हणे टेलर!"

ज्या भावाच्या शिक्षणापायी आत्यानं स्वतःचं लग्न बाजूला सारलं, तो दाराशी वाकून बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिला. आत्यानं कागद उचलले, मशीन उचललं आणि घर सोडलं. अंतःकरण विदीर्ण व्हावं, हंबरडा फुटावा, असा तो क्षण... पण आत काहीच हललं नाही. ऊन लागलं नाही, भूक लागली नाही.

दोनदा तिनं भावाच्या घरी फोन केला. दोन्हीदा पलीकडून ठेवला गेला. मग आपल्या शिवणकामाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती राहू लागली. लोकांच्या बाह्या, लोकांचे गळे, लोकांच्या लेकींचे घेर शिवत तीन वर्षं गेली. बोटात सुई घुसली तरी रक्त दिसल्यावरच कळायचं!

आणि एका सकाळी दुकानाच्या पायरीवर वहिनी उभी. हातात चिमीचे जुने फ्रॉक, उलटे केलेले.

"ताई... डाग दगडासारखा कडक झालाय. केस गळून गेले. तुकडा काढून तपासला, त्यात वाईट काही नाही. पण डाग वाढतोय का, ते डॉक्टरांना कळत नाहीये. वाढत असेल तर सगळा कापायचा, मांडीची कातडी काढून पाठीला लावायची... जुना फोटो मागितला हो त्यांनी! आणि मी पाठीचा एकही फोटो काढू दिला नाही कधी." तिनं फ्रॉक पुढे धरले. "फोटो शोधताना हे सापडले. प्रत्येक फ्रॉकची शिवण डागाला वळसा घालून गेलीय. टोचू नये म्हणून ना? आणि मी तुम्हाला... वाकडी म्हणत आले!"

आत्या उठली. कपाटातून गुंडाळी काढली, दुकानाला कुलूप लावलं.

डॉक्टरांनी सहा कागद ओळीनं मांडले, शेवटी आजची रेघ. पाचव्यापर्यंत डाग पाठीबरोबर वाढलेला. सहाव्यात थोडा आत आलेला, कोपऱ्यात आत्याच्या अक्षरात 'केस कमी'. आणि आजचा, पाठ एवढी वाढूनही, सहाव्याहून लहान!

"हा फार विरळा प्रकार आहे," डॉक्टर म्हणाले. "असा डाग कडक होतो, केस झडतात, आणि तो आपणहून आवळत जातो. आता कापायची घाई नको. दर काही महिन्यांनी दाखवत राहा. हे कागद कुणी काढले?"

"माझ्या बहिणीनं," भाऊ म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, मी त्या दिवशी गप्प बसलो गं..."

"नाडी नीट बांध आधी," आत्या म्हणाली. "सुटलीय." रडता रडता वहिनीला हसू फुटलं.

पुढच्या आठवड्यात चिमी दुकानातल्या स्टुलावर ताठ उभी राहिली. "आत्या, मागचा गळा खोल ठेव. मला गरम होतं."

टेप थांबली. आत्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं चिमीच्या पाठीवरची वेणी पुढे सारली...

"ठेवा, ताई. म्हणेल तेवढा."

आत्यानं खडू घेतला. रेघ ओढता ओढता ती पुसट दिसू लागली, म्हणून तिनं डोळ्यांना हात लावला. बोटं ओली झाली, आणि कालचं सुईचं टोचणं एकदम झोंबलं!

माझं एवढंच मागणं आहे. अंगात कपडा चढवाल आणि कुठेच काही टोचणार नाही, तेव्हा क्षणभर त्या आत्याची आठवण काढा.