जाहिरातींची चहाडी

चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर माउथ ऑर्गनची जाहिरात पुन्हा झळकली, आणि नेमका तेव्हाच तो हातात भिंगं घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आला.

काउंटर सांभाळणाऱ्या तिने पडद्यापुढे हात धरला, पण उशीर झाला होता. भिंगं घासणारा हा कारागीर दुपारच्या सुट्टीत आत माउथ ऑर्गन वाजवायचा, आणि बाहेर काउंटरवर तिचा घास हातातच राहायचा. निदान बोलायला विषय मिळावा म्हणून तिने ते वाजवायला कसं शिकायचं, हे शोधलं होतं. एकदाच! तेव्हापासून जाहिरातींनी तिची पाठ सोडली नव्हती.

“आपल्या मालकीणबाई हे वाजवायला शिकतायत वाटतं?” त्याने विचारलं. मिश्कील कुठला!

“मला काय माहीत?” ती लालबुंद झाली. “पण… हा कॉम्प्युटर सगळं चव्हाट्यावर का मांडतो हो?”

“ब्राउझर ढिला आहे. कोण काय बघतंय, ते जाहिरातवाले टिपत राहतात. थांबा, त्यांना अडवणारा दुसरा ब्राउझर बसवून देतो.”

स्टूल ओढून तो शेजारी बसला. इतका जवळ, की तिला पडद्यावरचं अक्षर कळेना.

“मग शोधलेलं कुणालाच दिसणार नाही?”

“या खुर्चीत बसणाऱ्याला दिसेल की! ते तुमचं तुम्हीच पुसा. मी बघत नाही.”

आणि खरंच, तिने सगळं पुसेपर्यंत तो पाठ फिरवून भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता मोठ्याने वाचत बसला. तिला तो भयंकर आवडला.

“तुम्हाला एवढं कसं ठाऊक?”

“माझ्याही मागे जाहिराती लागल्या होत्या ना… पोहायचे चष्मे, मोठ्यांसाठी पोहण्याचे वर्ग…”

“तुम्ही पोहता?”

“छे! पाणी बघूनच पोटात गोळा येतो. पण रोज सकाळी कुणीतरी तलावावरून ओली वेणी घेऊन कामाला येतं…”

तिचा हात नकळत वेणीकडे गेला.

“कालच फोनवर हा ब्राउझर टाकला,” तो म्हणाला, “आणि पंचाईत झाली. आता जाहिराती माझ्या वतीने चहाडी करणार नाहीत. मलाच सांगावं लागेल… तू मला आवडतेस.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“रविवारी तलावावर ये,” ती हसत म्हणाली. “मी हात धरीन. आणि ऐक… माउथ ऑर्गन मीच शोधत होते. तुझ्यासाठी.”

एवढ्या काळजीने पुसलेलं सगळं तिने स्वतःच सांगून टाकलं.