हळकुंडाचा दोरा

उमरग्यात हायवेला लागून आमचं एमआरआय सेंटर आहे. ट्रक गेला की काचा थरथरतात. दारापाशी मी दोन डबे ठेवते. एकात बायकांचे दागिने, दुसऱ्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेली हळकुंडं. मोकळ्या गळ्यानं आत जायला इथं कुणी तयार होत नाही. मंगळसूत्र काढायचं, हळकुंड बांधायचं, मग मशीन.

सास्तूरची अयोध्या कंबरेच्या तपासणीला आली होती. सोबत सासू. दोऱ्याची गाठ सासूनंच मारली. हळकुंड बराच वेळ बोटांत चोळत राहिली, काहीतरी पुटपुटत.

"अंगात काही धातू? सळई, क्लिप, तांबी?" मी विचारलं.

"काय न्हाय," सासू म्हणाली. "तांबी कशाला बसवंल? अजून नातू यायचाय."

दार लागल्यावर अयोध्येनं माझी बाही धरली.

"ताई, तांबी हाय. आत्याबाईला ठावं न्हाय. दोन पोरींच्या टायमाला कंबर गेली. तिसऱ्याला मीच जाईन. ह्ये चुंबक ती ओढून काढंल का?"

मी डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. कॉपर-टी, चालतं.

"तांब्याला चुंबक ओढत नाही. जागची हलणार नाही. आणि मी कुणाला सांगणारही नाही."

तिनं डोळे मिटले.

पहिला आवाज. ठक, ठक, ठक.

पडद्यावर मणके. त्यांच्या पुढं, पोटाच्या करड्या अंधारात, बारीकसा काळा टी. जागेवर.

दुसरा आवाज. लांब घरघर.

"ताई," माइकमधून, पेंगुळलेली. "हितं कोमट पाणी कुठनं आलं?"

"पाणी नाही. पडून राहा."

"ऱ्हाऊ द्या. बरं वाटतंय."

तिसरा आवाज.

टी नाही.

मी चष्मा पुसला. त्या जागी काहीतरी वाकडं, बोटाच्या पेराएवढं.

त्याला लागून एक दोरा.

मी मशीन थांबवलं. थांबलं.

माइकमध्ये ठकठक चालूच. बारीक. भरभर.

अयोध्या बाहेर आली ती झोपेत हसल्यासारखी. गळा मोकळा होता. दोरा गाऊनमध्ये नव्हता, टेबलावर नव्हता, बोगद्यातही नव्हता. उशापाशी तांबी पडली होती. कोरडी.

मी ती मुठीत घेतली.

सासू बाकावर बसली होती. सुनेच्या गळ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

"अजून एकदा आत घ्यावं लागेल," मी म्हणाले.

"नगं, बाई." तिनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. बोट पिवळं होतं. "पोटुशी असंल तर आधी सांगा, तुमीच लिवलंय न्हवं?"

अयोध्येच्या ओठांवर हसू तसंच होतं. डोळे मात्र आता जागे झाले होते, आणि ते माझ्या मुठीकडं बघत होते.