रोजचं रोज, रविवारचं रविवारी

औषधवाली दारात आली तेव्हा मास्तर उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यात बुडाले होते आणि चाळणीबाई पंख्याखाली शांतपणे नखं कापत होत्या.

मास्तरांनी तीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा. कुठल्या आजाराला कुठली गोळी, किती, केव्हा आणि कशासोबत मुळीच नाही, हे ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगत. मात्र चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधत. चाळणीबाईंचं उलट. औषधातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण उभी हयात विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकण्यात गेलेली. हातून खडा म्हणून सुटत नसे. नाव पडलं ते त्यावरून. आता त्या खाजगी तपास करत आणि मास्तर सोबत जात. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मास्तर, माझा परवाना जाणार," औषधवाली बसता बसता म्हणाली.

ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावरची. मास्तरांच्या हातातलं पेन गळून पडलं.

हकिगत थोडक्यात अशी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मशीनकाकू तिच्या जुन्या गिऱ्हाईक. चाळीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या. बुधवारी त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. तोंडभर फोड, ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धाडकन उतरलेल्या. मुलानं तक्रार केली की दुकानानं औषध चुकीचं सांगितलं. उद्या औषध निरीक्षक येणार होते.

"सोरायसिस आहे का त्यांना?" मास्तरांनी विचारलं.

"आहे ना. कातडीवर चट्टे."

"मग मेथोट्रेक्सेट!" मास्तर वर्गात उभे राहिल्यासारखे उभे राहिले. "आठवड्यातून एकदाच घ्यायचं. बाकी सहा दिवस फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर हेच होतं. तोंड येतं, पेशी पडतात, माणूस जातोसुद्धा."

"बिल दाखवा," चाळणीबाई म्हणाल्या.

औषधवालीनं पिशवी उपडी केली. किल्ल्या, रुमाल, लाल नेलपॉलिशची अर्धी संपलेली बाटली आणि शेवटी बिल. तारीख शनिवारची, तीन आठवड्यांपूर्वीची. मेथोट्रेक्सेट बारा, फॉलिक ॲसिड बहात्तर.

"लेबलं?"

"बरोबर लिहिलीत. बाटल्या काकूंच्या घरी आहेत, बघा."

"आणि तोंडी काय सांगितलंत?"

"त्यांना कळेल असं सांगितलं." ती नखांकडे बघत बोलली. नखं बारीक कापलेली होती, कसलाही रंग नसलेली.

"म्हणजे कसं?"

"कळेल असं, बाई. याहून जास्त मी नाही सांगू शकत."

मास्तरांना वाईट वाटलं. आपली गुणी पोर काहीतरी लपवतेय, हे त्यांनाही दिसलं, आणि त्यांना दिसलं म्हणजे ते अगदीच उघड असणार.

मशीनकाकूंच्या घरी मुलगा आणि माहेरपणाला आलेली लेक, दोघं होती. लेकीचं दोन वर्षांचं बाळ टेबलाखाली बसून रिकाम्या रिळांची गाडी करत होतं.

मुलगा तापलेलाच होता. "किती वेळा सांगितलं आईला! वय झालं, मशीन काढून टाक, माझ्याकडे चल. ऐकायलाच तयार नाही. गेल्या महिन्यात हट्टानं हा शर्ट शिवून दिला."

शर्ट झकास होता. शिलाई सुतासारखी सरळ.

"आई औषधाबद्दल काय म्हणते?"

"काय म्हणणार? एकच धोशा. 'मी रोजचं रोज घेतलं, रविवारचं रविवारी.' म्हणजे दुकानदारणीनंच उलटं सांगितलं असणार."

चाळणीबाई मशीनपाशी गेल्या. सुयांच्या उशीत वीस सुया टोचलेल्या होत्या, वीसच्या वीस दोरा ओवलेल्या. खणात चष्मा होता, काचांवर धूळ बसलेला.

"या सुया कोण ओवतं?"

"आईच," लेक म्हणाली. "मशीनच्या सामानाला ती कुणाला हात लावू देत नाही. मी आले तेव्हा कात्र्या, सुया मीच वरच्या फळीवर ठेवल्या, तर केवढी चिडली! पण बाळ सगळं तोंडात घालतं हो. मग सॉकेटला पट्ट्या मारल्या, फिनेल वर ठेवलं, औषधांचा बंदोबस्त केला, तेव्हा कुठे झोप लागली. सुया मात्र तिनं परत खाली आणल्या."

"तुम्ही कधी आलात?"

"मागच्याच्या मागच्या रविवारी, संध्याकाळी."

बाटल्या फळीवर होत्या. दोन्ही तपकिरी, एकाच मापाच्या. मास्तरांनी मेथोट्रेक्सेटची बाटली घेतली. लेबल चोख: 'आठवड्यातून एकदा, रविवारी. मुलांपासून दूर ठेवा.' झाकणावर गोल फेरात सहा लाल ठिपके होते. झाकण काही केल्या निघेना.

"दाबून फिरवायचं असतं ते," लेक म्हणाली. "लहान मुलांना उघडू नये म्हणून."

आत एकच गोळी उरली होती. दुसऱ्या बाटलीचं साधं झाकण चटकन निघालं. त्यावर एकच ठिपका होता. आत पासष्ट फॉलिक ॲसिड. मास्तरांनी प्रत्येक गोळीवरची खूण तपासली. लेबलावर जे होतं तेच आत होतं.

"हे ठिपके कसले?"

"असतील बाळाचे उद्योग," लेक हसली.

मास्तरांनी वहीत लिहिलं, 'बाळ, रंग.' चाळणीबाईंनी दोन्ही झाकणांवरून अंगठा फिरवला. ठिपके उंचवट्यासारखे बोटाला लागत होते.

"मास्तर, चला इस्पितळात. सगळ्यांना घेऊन."

"चोर सापडला?"

"चोर नाहीच. तेच तर वाईट आहे."

मशीनकाकू उशीला टेकून बसल्या होत्या. पेशी सावरत होत्या, पण बोलताना तोंड दुखत होतं. परिचारिकेनं पाण्याचा पेला स्टुलावर ठेवला, तेव्हा काकूंनी स्टुलाच्या कडेवरून बोटं सरकवत नेऊन तो धरला. औषधवाली पायथ्याशी मान खाली घालून उभी होती.

"हिशेब साधा आहे," चाळणीबाई म्हणाल्या. "पहिल्या रविवारपासून परवाच्या बुधवारपर्यंत दिवस अठरा. मेथोट्रेक्सेट अकरा गेल्या, फॉलिक ॲसिड सात. काकूंना पहिल्यापासून उलटं सांगितलं असतं, तर चौदाव्या दिवशीच मेथोट्रेक्सेटची बाटली रिकामी झाली असती आणि फॉलिक ॲसिडच्या जेमतेम तीन गोळ्या गेल्या असत्या. तसं नाही. पहिला आठवडा बिनचूक. रविवारी एक मेथोट्रेक्सेट, मग सहा फॉलिक ॲसिड. दुसऱ्या रविवारी सकाळीही बरोबर. सोमवारपासून सगळं उलटं! सहा दिवस मेथोट्रेक्सेट, रविवारी फॉलिक ॲसिड, आणि पुन्हा तीन दिवस मेथोट्रेक्सेट. बेरीज करा."

मास्तरांनी बोटांवर केली. अकरा आणि सात.

"म्हणजे दुसऱ्या रविवारी संध्याकाळी काहीतरी बदललं. गोळ्या नाहीत, लेबलं नाहीत. राहिलं काय?" त्या लेकीकडे वळल्या. "ताई, औषधांचा बंदोबस्त केलात म्हणजे काय केलंत?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "झाकणं बदलली. ज्या बाटलीवर 'मुलांपासून दूर' लिहिलं होतं, तिला साधं झाकण होतं. दुसरीला दाबायचं. मी अदलाबदल केली. चांगल्यासाठीच केली हो!"

"चांगल्यासाठीच. पण झाकणांबरोबर ठिपकेही गेले. दोन वर्षांचं मूल असा मोजून गोल फेर धरत नाही. सहा ठिपके म्हणजे सहा दिवस, एक ठिपका म्हणजे रविवार. नेलपॉलिश बाळगणाऱ्या आणि नखं न रंगवणाऱ्या बाईंनी ते काढले. आता असे ठिपके कुणाला लागतात, हे मी सांगणार नाही. ते माझं नाही."

औषधवालीनं मान वर केली, पण ओठ मिटलेलेच ठेवले. परवाना पणाला लागला तरी ती बोलली नव्हती. मास्तरांना तिचा अभिमान वाटला आणि रागही आला.

"मला दिसत नाही," मशीनकाकू म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. नुसती सावली दिसते. तुम्हाला कळलं असतं तर मशीन गेलं असतं, म्हणून हिला शपथ घातली. सुयासुद्धा दर रविवारी हीच ओवून देते."

मुलगा आपल्या शर्टाच्या शिलाईवरून बोट फिरवत राहिला. लेक रडायला लागली.

"रडू नकोस गं," काकू म्हणाल्या. "तू झाकण घट्ट केलंस म्हणून बाळ वाचलं असेल. माझी बोटंही चुकली नाहीत. मी तोंड उघडलं नाही, ते चुकलं."

"तक्रार मागे घेतो," मुलगा म्हणाला.

"घ्या. पण निरीक्षकांना मी सगळं सांगणार," औषधवाली म्हणाली. "गुपित पाळलं ते एक वेळ ठीक. पण अशा औषधाची खूण मी झाकणावर केली. बाटलीवर करायला हवी होती. आणि घरातल्या एकाला तरी ती माहीत हवी होती."

तिनं खरंच सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, परवाना राहिला. मास्तरांनी त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न घातला: 'औषध बरोबर, मात्रा बरोबर, लेबल बरोबर. तरीही रुग्ण इस्पितळात. कोणाला काय विचाराल?' पाठांतरवाल्या मुलांची दांडी गुल झाली.

ठिपके आता बाटल्यांच्या पोटावर असतात.

मशीन जागचं हललं नाही. मुलगा दर रविवारी सकाळी आईकडे येतो. आधी गोळी बघतो, मग सुया ओवायला बसतो. पहिल्या रविवारी त्याला वीस सुयांना पाऊण तास लागला.