सातवा ‘आलो’

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या धंद्यात ‘वाटलं’ या शब्दाला जागा नाही. दोर नीट आहे असं वाटलं, दार लागलं असं वाटलं, असं म्हणणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. माझ्या भावाला घळीत नेणाऱ्या त्या वाटाड्याचा मला किती राग होता, ते कळावं म्हणून हे आधी सांगतो. आजही आहे. कमी झाला असेल असं समजू नका.

माझा धाकटा भाऊ आणखी सहा जणांबरोबर नदीच्या घळीतून चालायला गेला होता. दोन दिवसांची वाट, मध्ये एक मुक्काम. निघताना मला न विचारता त्याने माझे बूट घातले, म्हणून दारातच मी त्याच्यावर ओरडलो, “पुन्हा तोंड दाखवू नकोस.” बूट हो, नुसते बूट. आईने ते ऐकलं. तो परत आला नाही. वाटाड्याने लिहून दिलं की सातही जण घळीबाहेर आले, मोजणी बरोबर होती. झालं. मग घळीत कोण कशाला शोधतंय? पोलिसांनी बसस्थानकं पालथी घातली. आणि आईने मनाशी पक्कं केलं की मोठ्याच्या बोलण्यामुळे धाकटा घर सोडून गेलाय. चौदा महिने ती रोज रात्री त्याचं अंथरूण घालत होती, आणि मला जेवलास का एवढंही विचारत नव्हती.

मला एकच हवं होतं. वाटाड्याने आईसमोर बसून खरं सांगायचं. त्याच्या घरी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला उंबऱ्यातच बसलो आणि म्हणालो, “मला त्याच वाटेने घेऊन चला. नाहीतर मी इथून उठत नाही.”

मुक्कामाच्या पुढचा, दुसऱ्या दिवसाचा टप्पा धरून दुपारी आम्ही घळीत उतरलो. पाठीवर सॅक, गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंना उभे कातळ. जसजसं आत जाऊ तसतसं आभाळ अरुंद होत गेलं, शेवटी कापडाच्या पट्टीएवढं उरलं. शेवाळाचा आणि कुजक्या पाल्याचा वास नाकात बसला. एका खडकावर टेकलो तेव्हा तो आपणहून बोलला.

“इथून पुढे घळ चिंचोळी होते. दोन्ही हातांनी कातळ धरून आडवं सरकायचं. सॅकमुळे मान वळत नाही. म्हणून मी वळणावर ‘मागे?’ असं विचारतो. मागचे एकेक करून ‘आलो’ म्हणतात. मी आलो मोजतो.”

“आवाज मोजता?”

“सात मोजले होते, साहेब. सात.”

“आणि बाहेर आल्यावर? डोळे होते ना?”

“अंधार पडला होता. दोन गाड्या होत्या. या गाडीतल्यांना वाटलं, तो त्या गाडीत आहे… मी बघितलं नाही.”

माझं डोकं असं सणकलं की त्याला तिथेच पाण्यात दाबावंसं वाटलं. पण तो म्हणाला, “उद्या येतो तुमच्या आईकडे. हेच सांगतो.” मग मी हात आवरला.

चिंचोळ्या भागात शिरलो तेव्हा बाहेर अजून ऊन असणार. आत मात्र दिवे लावायची वेळ झाली होती. पाणी कमरेला लागलं. पहिल्या वळणावर पुढून हाक आली, “मागे?” मी म्हणालो, “आलो.” दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणाआधी माझा राग पुन्हा उसळला. म्हटलं, गप्प राहू. उत्तर आलं नाही की हा माणूस मागे येतो का, ते तरी कळेल.

“मागे?”

मी ओठ घट्ट मिटले.

“आलो,” कोणीतरी म्हणालं. आवाज माझ्या आणि त्याच्या मधून आला. माझाच आवाज… थोडा वैतागलेला, मी असतो तसा.

“बरं,” वाटाड्या म्हणाला आणि पुढे सरकला.

“थांबा… मी नाही बोललो,” मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात ते कुठच्या कुठे गेलं. घाईने पाय टाकला तो दोन दगडांच्या फटीत अडकला. ओढतोय, शिव्या घालतोय, आणि पुढे दूर पुन्हा, “मागे?” “आलो.” आणखी दूर… “आलो.” तेव्हा कळलं की धाकट्याने काय ऐकलं असेल.

पाय सुटला, पण बूट तिथेच राहिला. अख्खी रात्र एका कपारीत कुडकुडत काढली. उजेड आल्यावर लंगडत बाहेर पडलो, तर वाटाड्या स्टोव्ह पेटवून निवांत चहा करत बसला होता. चेहरा असा की जणू पाठीवरचं ओझं कोणी उतरवून घेतलंय.

“तुम्ही परत आलात?” तो म्हणाला. “पहाटे तर निघालात. म्हणालात, आईला मीच सांगतो, तुम्ही येऊ नका. रात्रभर बोललात माझ्याशी. मला माफ केलंत.”

मी त्याची कॉलर धरली. माफ? मी? आईकडे यायचं टाळायला हा माणूस किती खोटं बोलेल, एवढंच डोक्यात होतं. तीन तास गाडी हाकत घरी आलो, ते ठरवूनच, की याला आता कोर्टात खेचायचं.

घराचं दार उघडं होतं. धाकट्याचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं. आई वाकून फरशी पुसत होती. दारापासून स्वयंपाकघरातल्या स्टुलापर्यंत पाणीच पाणी. तिचे डोळे सुजलेले होते, पण चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून बोलली.

“आलास? बस. तुझ्यावर उगाच राग धरला रे मी. मघाशी सगळं सांगितलंस ते बरं केलंस. दोन दिवस त्या घळीत जिवंत होता म्हणजे लेकरू…”

दोन दिवसांचं वाटाड्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आईने फडकं बादलीत पिळलं. “एक तेवढं परत येऊन सांगतो म्हणालास,” ती म्हणाली. “दोन दिवस तो कोणाला हाका मारत होता? सांग ना.”